पांढऱ्या बरणीतला काळा गाळ

१

बरणीचं झाकण फिरवलं तसा आतून 'फुस्स' असा आवाज आला आणि सडक्या अंड्यांच्या वासाने चौकशीची खोली भरून गेली. चौकशी अधिकाऱ्यांनी रुमाल नाकाला लावला. गाळ-इंजिनियर खुर्चीसकट मागे सरकला. पहिल्या बाकावरची जळूबाई तेवढी जागची हलली नाही. तिला वासाशी काही देणंघेणं नव्हतं. तिच्या धाकट्या भावाला ज्याने झिजवून मारलं, त्या माणसाला ती बरणी आज उघडं पाडणार होती आणि ते तिला डोळे भरून बघायचं होतं.

जळूबाई हे तिला गुन्हेगारांनी दिलेलं नाव. तपास खात्यात तीस वर्षं काढली, आणि एकदा चिकटली की ही बाई सुटत नाही, हे शहाण्यांना लवकर कळलं. निवृत्त झाल्यावर ती दोन वर्षं स्वस्थ बसली होती. मग भाऊ गेला.

भाऊ खाडीच्या मुखाशी, भरती-ओहोटीच्या चिखलात शिंपले काढायचा. चार वर्षांपूर्वी या इंजिनियरने बोटींसाठी खाडी खोल केली आणि उपसलेला गाळ काठावर डोंगरासारखा रचला. महिन्याच्या आत तो परत पाण्याखाली नेऊन टाकायचा, असं परवान्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. आज टाकतो, उद्या टाकतो, असं करत त्याने चार वर्षं काढली. तिकडे शिंपले खाणाऱ्या अकरा घरांत माणसं वाकायला लागली. भावाची मूत्रपिंडं गेली, आणि शेवटी तर नुसत्या खोकल्याने त्याची बरगडी मोडली. तक्रार घेऊन गेला तेव्हा इंजिनियर हसून म्हणाला होता, "चिखल कुणी खातं का?" ते हसू जळूबाईने मनात जपून ठेवलं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी त्या ढिगाचा नमुना घेतला गेला. रीत अशी, की नमुना खाडीच्या पाण्यात कालवून त्याचे तीन वाटे करायचे. एक प्रयोगशाळेचा, एक समोरच्या पक्षाचा, आणि तिसरा साक्षीचा. साक्षीची बरणी सगळ्यांच्या सह्या घेऊन लाख लावून बंद करायची, दोन कुलपांच्या पेटीत घालून प्रयोगशाळेच्या थंड कपाटात ठेवायची आणि भांडण झालं तरच उघडायची. प्रयोगशाळेने आपला वाटा तपासला. पाण्यात उतरलेला कॅडमियम, हाडं आणि मूत्रपिंडं खाणारा धातू, भरमसाट निघाला. इंजिनियरने निकाल खोटा म्हणून बोंब ठोकली. त्याची बरणी म्हणे हातातून पडून फुटली. ढीग तर त्याने माणसं लावून आठ दिवसांत भर समुद्रात बुडवला. चार वर्षं हलला नव्हता तो डोंगर आठ दिवसांत हलला.

उरली ती ही बरणी. बाहेरगावच्या तज्ज्ञाने तिच्यातलं पाणी गाळून तपासलं आणि दुसऱ्या दिवशी निकाल वाचून दाखवला.

"पाण्यात कॅडमियम जवळजवळ नाही."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "म्हणजे प्रयोगशाळेचा आकडा खोटा. तिथल्या प्रमुख बाईंना आजपासून कामावरून दूर करतो. शुक्रवारपर्यंत नवीन काही पुढे आलं नाही, तर हे प्रकरण मी बंद करणार."

इंजिनियर पुन्हा तसाच हसला. आणि त्या दिवशी बुधवार होता.

२

बरणी बदललेली नव्हती. लाखेवर खुद्द जळूबाईची सही होती, अकरा घरांच्या वतीने तिनेच ती केली होती, आणि लाख अखंड होती. पण नमुना घेताना तिने बादलीत हात घालून बघितला होता. गाळ तांबूस होता, कोरडा, आणि त्याला कसला वास नव्हता. बरणीतून निघाला तो काळा आणि घाणेरडा.

"हे कसं झालं?" तिने प्रमुख बाईंना विचारलं. बाई आपल्याच खोलीत पाहुण्यासारख्या बसल्या होत्या. टेबल आवरून झालं होतं.

"जिवाणूंनी केलं." बाईंचा आवाज बसला होता. "खाडीच्या चिखलात, पाण्याखाली, हवा पोचत नाही. तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या क्षारावर जगतात आणि हा सडका वायू सोडतात. त्या वायूने धातू पकडला जातो. त्याचा काळा कण होतो, आणि तो पाण्यात विरघळत नाही. धातू तिथेच असतो, पण कुलूपबंद."

"आणि गाळ उपसून उन्हात टाकला की?"

"हवा लागते, कुलूप तुटतं. धातू पाण्यात, पाण्यातून शिंपल्यात. म्हणून तर महिन्याची अट होती."

"मग या बरणीत परत कुलूप कुणी घातलं?"

"आपसूक झालं नसतं. आमच्या थंड कपाटात ते जिवाणू झोपूनच राहतात. त्यांना खायला काही गोड लागतं, ऊब लागते, आणि सुरुवातीला जिवंत काळा चिखल लागतो, दुधाला विरजण लागतं तसा. एवढं मिळालं की तीन आठवड्यांत काम फत्ते."

जळूबाई पुढे झुकली. "हे करायची अक्कल इथे कुणाला आहे?"

बाईंनी आवरलेल्या टेबलावरून हात फिरवला.

"मला," त्या म्हणाल्या. "फक्त मला."

३

जळूबाईचा यावर विश्वास बसला नाही, कारण तिला तो बसवायचाच नव्हता. स्वतःच्या पायावर धोंडा कोण पाडून घेईल? फायदा झाला तो इंजिनियरचा, तेव्हा हात त्याचाच. गुरुवारची अख्खी सकाळ तिने त्याच्यामागे घालवली.

तो खाडीकाठच्या आपल्या कचेरीत नकाशे पसरून बसला होता.

"या बाई. पाणी घेणार?"

"साक्षीच्या पेटीला तुमचं कुलूप होतं."

"होतं की. दोन कुलपं. एक माझं, एक तुमचं. माझ्या किल्लीने निम्मीच पेटी उघडते." त्याने हात पसरले. "आणि परवापर्यंतचे तीन आठवडे मी दुसऱ्या बंदरात होतो. रोज पन्नास माणसं मला बघत होती. विचारा."

तिने विचारलं. फोन लावले, दोन तास खपली. माणूस खरंच तिथे होता. प्रयोगशाळेतल्या कुणाशी त्याचं बोलणंसुद्धा झालेलं नव्हतं.

"खरं सांगू?" निघताना तो म्हणाला. "बरणी उघडली तेव्हा मीच गार पडलो होतो. म्हटलं, मेलो आता. कुणा देवमाणसाने वाचवलं, मला तर नावही माहीत नाही."

जळूबाई जिना उतरली तेव्हा तिच्या हाताच्या मुठी वळलेल्या होत्या. तीस वर्षांत खोटं बोलणारे तिने हजारांनी पाहिले होते. हा हरामखोर होता, आणि या एका बाबतीत खरं बोलत होता. हातातून अर्धा दिवस गेला होता.

४

प्रयोगशाळेच्या मोरीत बाटल्या धुणारी मावशी ब्रश फिरवत होती. साहेब लोकांना न दिसणारं बरंच काही मोरीतून दिसतं, हे जळूबाईला ठाऊक होतं.

"मावशी, नमुना आला त्या दिवशी बरण्या कुणी दिल्या?"

"मीच की. तीन काचेच्या, लख्ख धुऊन. पण काका म्हणाले, साक्षीच्याला पांढरी प्लास्टिकची घेतो, उजेड लागायला नको."

"मग तिसरी काचेची?"

"तेच तर! परत ठेवायला गेले तर जागेवर नाही. मेली पाय फुटून गेली कुठे तरी."

"आणि साक्षीची पेटी थंड कपाटात होती ना?"

मावशीने ब्रश थांबवला. "थंड कपाट मी दर सोमवारी पुसते. पेटीबिटी काही नव्हती बाई त्यात."

जळूबाईच्या मानेवर काटा आला. कुलूप चोराला अडवतं, उबेला कुठे अडवतं? पेटी न उघडता नुसती उचलून शेजारच्या, जिवाणू वाढवायच्या उबदार कपाटात ठेवली की झालं. दोन्ही कपाटं दिसायला सारखीच पांढरी. आणि खाऊ तर आधीच बरणीच्या तळाशी असणार. पांढऱ्या बरणीच्या तळाशी बोटभर पाक आणि चमचाभर काळा चिखल असला, तर बाहेरून काय कळणार? वरून सगळ्यांच्या देखत तांबूस गाळ भरला, तिने स्वतः सही केली, आणि सगळे हात झटकून मोकळे झाले.

काका म्हणजे प्रयोगशाळेतला सर्वांत जुना तंत्रज्ञ. त्याला सगळे काटेकोर म्हणत, आणि माणूस होताही तसाच. टेबलावरच्या पेन्सिली एका उंचीच्या, नोंदवहीत खाडाखोड नाही. खिडकीपाशी त्याने मोडाचं धान्य दोन बशांत ठेवलं होतं, एकीत मोड आलेलं, दुसरी नुसती कोरडी.

"ही कोरडी कशाला?" जळूबाईने बसता बसता विचारलं.

"जोडीला." त्याला प्रश्न आवडलेला दिसला. "नुसतं करून चालत नाही, बाई. शेजारी न केलेलं ठेवायचं. नाहीतर जे झालं ते आपल्यामुळे झालं, हे कळणार कसं? हल्लीची पोरं हे विसरतात."

"खाडीचे ते जिवाणू तुम्हाला माहीत आहेत?"

"माहीत?" तो हसला, पण डोळे हसले नाहीत. उठून त्याने फळीवरचं एक जाड पुस्तक काढून तिच्यापुढे टाकलं. वर प्रमुख बाईंचं नाव होतं. "पंधरा वर्षं कमरेइतक्या चिखलात उभं राहून मी ते वाढवले. कोण किती धातू धरतं, किती उबेला, किती दिवसांत, सगळं माझ्या हातचं. आता यात माझं नाव शोधा बरं. आभारांतसुद्धा बघा. चहावाल्याचे आभार आहेत."

प्रमुख बाई 'फक्त मला' म्हणाल्या होत्या, ते जळूबाईला आत्ता लागलं. काही लपवण्यासाठी त्या तसं म्हणाल्या नव्हत्या. हा माणूस त्यांच्या लक्षातच नव्हता.

"म्हणून बाईंना खोटारडं ठरवलंत?" तिने सरळ विचारलं.

काटेकोरने पेन्सिली पुन्हा एका रेषेत लावल्या. "पेटी थंड कपाटात होती. नोंदवहीत रोजचं तापमान आहे, माझ्या अक्षरात. एका बाजूला माझी वही, दुसऱ्या बाजूला बाटल्या धुणाऱ्या बाईचा शब्द. उद्या शुक्रवार. करा सिद्ध."

५

संध्याकाळी ती भावजयीकडे गेली. भावजय दिवा न लावता बसली होती. नवरा गेल्यापासून तिने सुनावणीची एकही तारीख चुकवली नव्हती.

"वन्सं, सुटणार नाही ना तो?"

"चोर सापडलाय ग. पुरावा नाही." जळूबाईने सगळं सांगितलं. सांगता सांगता तिचा आवाज चढला. "त्या दोघांच्या भांडणात माझा भाऊ खोटा ठरला! याला बाईंवर उट्टं काढायचं होतं, म्हणून अकरा घरांची राख झाली तरी याला चालते!"

भावजय शांतपणे ऐकत होती. "मी रोज तिकडे का येते, माहीत आहे?"

"का?"

"त्या इंजिनियरचं तोंड पडलेलं बघायला. नुसता घरबसल्या निकाल कळला तर मला झोप नाही लागायची. सूड हा बघायचाच असतो, वन्सं." तिने पदराने हात पुसले. "या काकांनासुद्धा बघायचंच असेल. आपलं काम खरंच जमलं की नाही ते."

जळूबाई उठली आणि तशीच पुन्हा बसली. बघायचंच असेल. आणि हा माणूस बघतो कसा? जोडीला जोड लावून. शेजारी न केलेलं ठेवून. तीन काचेच्या बरण्यांतली एक पाय फुटून गेली होती म्हणे. काखेत कळसा आणि ती मात्र गावाला वळसे घालत बसली होती. इंजिनियरच इतका हवा होता तिला, की बाकी काही दिसलंच नव्हतं.

"ऊठ," ती म्हणाली. "अधिकाऱ्यांना फोन लावायचाय. सकाळी आठला मला ते प्रयोगशाळेत हवेत."

६

सकाळी आठला उबदार कपाटाचं दार उघडलं तेव्हा अधिकारी, प्रमुख बाई आणि काटेकोर अशी तिघंही तिथे होती. जळूबाईने पुढचे ट्रे एकेक करून बाहेर काढले. अगदी मागे, भिंतीला टेकून, काचेची बरणी उभी होती. आत तांबूस गाळ, वर इंचभर स्वच्छ पाणी. चिठ्ठीवर त्या तीन आठवड्यांपूर्वीची तारीख आणि एकच शब्द होता, 'साधा'. अक्षर मोत्यासारखं.

अधिकाऱ्यांनी वाकून चिठ्ठी वाचली.

"तोच गाळ, तीच ऊब, तेच दिवस," जळूबाई म्हणाली. "फक्त पाक नाही आणि जिवंत चिखल नाही. म्हणून हा तांबूसच राहिला. काका, ही फेकून दिली असती तर तुम्हाला कुणाचा बाप पकडू शकला नसता."

काटेकोरचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. तरी तो ताठ उभा राहिला. "फेकली असती तर कसं कळलं असतं, की ते काम माझ्या जिवाणूंचं? आज दुपारी दोन्ही तपासणार होतो."

"पण ही बरणी बंद केलेली नाही," अधिकारी म्हणाले. "लाख नाही, सह्या नाहीत. तो इंजिनियर म्हणेल, कुठला तरी चिखल भरून आणलात."

"म्हणेलच. म्हणून हे बोलणार." जळूबाई काटेकोरकडे वळली. "किती पाक, किती ऊब, सगळं. आज, त्याच्या तोंडावर."

"मी का बोलू? बोललो तर या सुटतील." त्याने प्रमुख बाईंकडे बघितलंही नाही. "माझं तुमच्या भावाशी काही वाकडं नव्हतं, बाई. माझा बाण यांच्यावर होता."

"बाण कुणावर सोडलात ते तुम्ही सांगा. लागला कुणाला ते मी सांगते!" जळूबाईचा हात टेबलावर आपटला आणि पेन्सिली घरंगळल्या. "खोकल्याने बरगडी मोडलेली बघितलीय कधी? कट असा आवाज येतो. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. माझ्या हाताखाली मोडली ती. ज्याने ते केलं त्याला तुम्ही परत हसू दिलंत."

काटेकोरने मान खाली घातली, पण ओठ घट्ट मिटलेलेच होते. आणि तेव्हा जळूबाईला ते ओठ ओळखीचे वाटले. ती रोज सकाळी आरशात बघायची ते असेच. तिला त्याची दया आली आणि त्या दयेचा भयंकर राग आला.

मग प्रमुख बाई बोलल्या. "नाव चुकून राहून गेलं नव्हतं. मी काढलं होतं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "शेवटच्या खर्ड्यात तुमचं नाव होतं. मला वाटलं, तंत्रज्ञाचं नाव शेजारी आलं तर लोक विचारतील, मग बाईंनी काय केलं? मी ते काढलं आणि नंतर विसरूनसुद्धा गेले. हे मी आज सगळ्यांसमोर सांगेन. तुम्ही बोला अगर न बोला."

काटेकोरने बरणीवरची चिठ्ठी अंगठ्याने सपाट केली.

"ऊब तीस अंश," तो अखेर म्हणाला. "लिहून घ्या. पाक दहा ग्रॅमचा."

७

दुपारी चौकशीच्या खोलीत बसायला जागा उरली नाही. बाहेरगावच्या तज्ज्ञाने दोन्ही बरण्यांतला गाळ आम्लात विरघळवून पाहिला होता. एकूण कॅडमियम दोन्हींत तेवढाच, आणि प्रयोगशाळेच्या पहिल्या आकड्याशी तंतोतंत जुळणारा. म्हणजे गाळ एकाच ढिगाचा. फरक एवढाच की काळ्या गाळाच्या बरणीत धातू कुलपात होता, आणि तांबूस गाळाच्या बरणीत मोकळा होऊन पाण्यात उतरला होता, जसा चार वर्षं प्रत्येक भरतीला खाडीत उतरत होता.

प्रमुख बाईंनी आपला गुन्हा सांगितला. काटेकोरने आपला सांगितला. कुणीही स्वतःची बाजू मांडली नाही. बोलून झाल्यावर काटेकोर खाली बसला नाही, पोलीस येईपर्यंत भिंतीशी उभा राहिला. पुस्तकावर आता त्याचं नाव येणार होतं, आणि आरोपपत्रावरही.

अधिकाऱ्यांनी निर्णय वाचला. परवान्याची अट जाणूनबुजून मोडली. पुरावा समुद्रात बुडवला. अकरा घरांतल्या आजारपणाला आणि एका मृत्यूला कारण झाल्याबद्दल गाळ-इंजिनियरवर खटला भरावा.

त्याचं तोंड पडलं. भावजयीने ते डोळ्यांची पापणी न हलवता बघितलं, शेवटपर्यंत. मग तिने जळूबाईचा हात घट्ट धरला आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. खोली रिकामी होत आली तरी तिचं रडणं थांबेना.

इंजिनियर दाराशी थबकला. दोन्ही बाजूंना शिपाई होते. त्याला काही तरी बोलायचं होतं.

"झालं ना बाई तुमच्या मनासारखं? जिंकलात. आता तरी पाठ सोडा माझी."

जळूबाईने भावजयीच्या पाठीवरचा हात काढला नाही. तिला वाटलं होतं, हा क्षण आला की छातीवरचं ओझं उतरेल. कुठे काय उतरलं होतं? भाऊ होता तिथेच होता, मातीत.

"माझा भाऊ चार वर्षं मरत होता," ती म्हणाली. "तुमचा खटला किती वर्षं चालेल?"

त्याने शिपायांकडे बघितलं. "वकील म्हणतो पाच. सहासुद्धा लागतील."

"लागू देत. मला दुसरं काम नाही. प्रत्येक तारखेला मी येणार. पहिल्या बाकावर, तुमच्या बरोबर समोर. तुम्ही त्याला चिखलाचं जे विचारलं होतंत ना, ते मला दर वेळी विचारायचं. हसून विचारायचं."

शिपायाने त्याच्या दंडाला धरलं तेव्हा त्याला चालायचं भान नव्हतं.

"वन्सं, चला," भावजय डोळे पुसत म्हणाली. "पुढची तारीख कधीची आहे, ते विचारून घेऊ."